साथीदार परतला, प्रवास बाकी आहे: परदेशात मधूनच एकटे पडलेल्यांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मुंबईहून दोघे मिळून परदेशी निघतात आणि वाटेत एकाला परतावे लागते. कधी कचेरीची रजा संपते, कधी घरी कोणी आजारी पडते, तर कधी सरळ पटेनासे होते. मागे राहिलेल्याचे आठ-पंधरा दिवस मात्र अजून शिल्लक असतात. अशा प्रवाशांकडून आणि त्यांच्या घरच्यांकडून जे प्रश्न पुन्हा पुन्हा येतात, त्यांची उत्तरे येथे दिली आहेत. घरूनच एकट्याने निघणाऱ्यांसाठी हे पान नाही. त्यांची तयारी पहिल्यापासून एकट्याची असते. तुमची तयारी दोघांची होती, आणि अडचणीचे मूळ तिथेच आहे.

साथीदाराला विमानतळावर सोडून परतलो आणि एकदम सगळे अंगावर आल्यासारखे झाले. हे साहजिक आहे का?

साहजिक आहे. त्यातला काही भाग मनाचा असतो, पण बराचसा भाग कामाचा असतो, आणि आपण दोन्हींना मिळून एकटेपणा म्हणून मोकळे होतो. दोन माणसे आठवडाभर बरोबर फिरली की कामांची वाटणी न बोलताच होऊन जाते. एक जण नकाशा पाहतो, दुसरा पाकीट सांभाळतो. एकाला गाडीचा फलाट लक्षात राहतो, दुसऱ्याला हॉटेलच्या दाराचा संकेतांक. साथीदार गेला की त्याची कामे तुमच्याकडे येतात, पण त्या कामांची यादी कोणी हातात दिलेली नसते. त्यामुळे ती एकेक करून, नको त्या वेळी समोर येतात.

याचा पहिला प्रत्यय बहुतेकांना रेल्वे स्थानकावरच्या स्वच्छतागृहापाशी येतो. समोर पैसे टाकून उघडणारे फिरते फाटक, पाठीवर पिशवी, हातात चाकांची मोठी बॅग, आणि ती बॅग फाटकातून पलीकडे जाणार नाही हे उघड दिसत असते. कालपर्यंत ‘जरा बघ’ एवढे दोन शब्द पुरत होते. आता आधी सामानघर किंवा लॉकर शोधावे लागते, त्यासाठी सुटी नाणी लागतात, आणि नाण्यांसाठी काहीतरी विकत घ्यावे लागते. अशा वेळी रडू आले तर ते विरहाचे आहे असे लगेच समजू नये. पुष्कळदा ते बॅगेचे असते.

म्हणून माझे मत असे की आधी कामांची घडी बसवावी, मन मागोमाग येते. पहिल्या संध्याकाळी खोलीत बसून साथीदार रोज काय काय करत होता ते कागदावर लिहून काढावे. यादी अपेक्षेपेक्षा लांब निघते. त्यातली निम्मी कामे तुम्ही आपसूक उचलाल, काही चक्क सोडून देता येतील, आणि जी उरतील त्यांच्यासाठी काहीतरी व्यवस्था करावी लागेल. सामान कमी करणे ही त्यातली सर्वांत मोठी व्यवस्था. साथीदार मुंबईला परतत असेल तर खरेदी, जाड कपडे आणि जास्तीचे बूट त्याच्याच बॅगेत घालून पाठवावेत.

निरोप घेण्यापूर्वी एकमेकांकडून काय काय मागून घ्यावे?

निघण्याच्या आदल्या रात्री दोघांनी पलंगावर सगळे सामान पसरून एकत्र बसावे. विमानतळावरच्या रांगेत हे काम होत नाही.

वस्तूंमध्ये सर्वांत आधी प्लगचा अडॅप्टर, कारण दोघांत मिळून तो बहुधा एकच असतो आणि जाणाऱ्याच्या बॅगेतच राहतो. त्यानंतर इंटरनेट. एकाच्या सिमवर हॉटस्पॉट लावून दोघे चालवत असाल किंवा पॉकेट वायफाय एकाच्या नावावर भाड्याने घेतले असेल, तर साथीदार असतानाच तुमच्या मोबाइलवर स्वतंत्र ई-सिम घालून ते चालते की नाही हे पाहून घ्यावे. ई-सिम सुरू करायलाही इंटरनेट लागते, हे साथीदार गेल्यावर ध्यानात आले तर पंचाईत होते.

कागदपत्रांत आरक्षणे, विम्याची पॉलिसी, व्हिसाची प्रत आणि परतीचे तिकीट हे सगळे तुमच्या स्वतःच्या ईमेलवर आलेले असावे. साथीदाराने पाठवलेला स्क्रीनशॉट पुरेसा धरू नये. युरोपभर रेल्वेने फिरण्याचा युरेल पास मोबाइलवर असतो आणि दोघांचे पास एकाच मोबाइलवर ठेवण्याची सोय असल्यामुळे बरेच जण तसेच ठेवतात. वेगळे होण्यापूर्वी तुमचा पास तुमच्या मोबाइलवर हलवून घ्यावा.

औषधांची पिशवीही नीट वाटून घ्यावी. साथीदाराच्या नावच्या चिठ्ठीवरची औषधे आपल्याजवळ ठेवण्याचा मोह टाळावा. जपानमध्ये स्यूडोएफेड्रिनचे प्रमाण १० टक्क्यांहून जास्त असलेली सर्दीची औषधे आणता येत नाहीत, आणि संयुक्त अरब अमिरातीत कोडीन, ट्रॅमाडॉलसारख्या औषधांवर कडक नियंत्रण आहे. दुसऱ्याच्या नावची गोळी तुमच्या खिशात सापडली तर खुलासा करायला तो माणूस शेजारी नसतो.

दोघांची विमानाची तिकिटे एकाच पीएनआरवर आहेत. एकाने परतीची तारीख बदलली तर दुसऱ्याचे काय?

विमान कंपनीला फोन करून आधी पीएनआर विभागून घ्यावा, मगच तारीख बदलावी किंवा तिकीट रद्द करावे. हा क्रम उलटा झाला तर दोघांचेही तिकीट हलण्याचा धोका असतो. विभागणी झाल्यावर दोघांपैकी एकाचा पीएनआर बदलतो. जुना क्रमांक पाठ असला तरी आता तुमचा कोणता, हे विचारून घ्यावे. दुसरे असे की जोडतिकिटाचा पहिला टप्पा न वापरता मधूनच विमान पकडायचे ठरवले, तर बहुतेक कंपन्या पुढचे टप्पेही रद्द करतात. साथीदाराशिवाय एखादे शहर नको वाटले म्हणून ते गाळायचे असेल, तर हे आधी विचारून घ्यावे.

व्हिसाचे अर्ज आम्ही एकत्र दिले होते आणि कार्यक्रमपत्रिकाही एकच होती. आता एकट्याने पुढे गेले तर चालते का?

युरोपातील अनेक देशांसाठी मिळून असलेला शेंगेन व्हिसा प्रत्येकाच्या पासपोर्टवर स्वतंत्र असतो, त्यामुळे साथीदार परतल्याने तुमचा व्हिसा बाधित होत नाही. तो शेंगेन क्षेत्रातील २९ देशांत चालतो आणि वाटेत एखादे गाव बदलल्याने बिघडत नाही. तरी तीन गोष्टी पाहून घ्याव्यात. व्हिसावर जितके दिवस लिहिलेले आहेत तितकेच तुमचे. कोणत्याही १८० दिवसांत ९० ही कमाल मर्यादा आहे, तो तुमचा हक्क नव्हे. व्हिसा एका प्रवेशाचा असेल तर मध्येच लंडनला किंवा अल्बानियाला जाऊन परत आत येता येणार नाही. शिवाय अर्जात खर्च साथीदार करणार असे लिहिले असेल, तर आता स्वतःच्या पैशांचा पुरावा, परतीचे तिकीट आणि किमान ३०,००० युरोंचे संरक्षण देणारा विमा जवळ ठेवावा.

आशियात नियम वेगवेगळे आहेत. व्हिएतनामच्या ई-व्हिसावर प्रवेशाचे आणि बाहेर पडण्याचे ठिकाण लिहिलेले असते, त्यामुळे एकटे पडल्यावर मार्ग बदलून भलत्याच सीमेवरून बाहेर पडण्याचा बेत करू नये. चीनचा गटव्हिसा तर संपूर्ण गटाच्या यादीवर दिलेला असतो आणि गटाने बरोबर आत जाऊन बरोबरच बाहेर पडणे अपेक्षित असते. तो घेतला असेल तर वेगळे होण्याचा विचार त्या देशात तरी सोडून द्यावा.

हॉटेलची आणि स्थळदर्शनाची आरक्षणे साथीदाराच्या नावावर आहेत.

हॉटेलला संदेश पाठवून मुख्य पाहुणा म्हणून तुमचे नाव घालून घ्यावे आणि त्याचे लेखी उत्तर मागावे. साथीदाराने ‘मी तर येणार नाही’ म्हणून मोबाइलवरून आरक्षण रद्द केले आणि मागे राहिलेल्याचेही छप्पर गेले, असे सहज होऊ शकते, म्हणून हे त्याला बजावून ठेवावे. रोमचे कोलोसियम आणि ग्रानाडाचा अल्हाम्ब्रा येथील तिकिटांवर नाव असते आणि ओळखपत्र पाहिले जाते, त्यामुळे साथीदाराचे तिकीट वसतिगृहात भेटलेल्या कोणाला देता येत नाही.

खोलीच्या भाड्याचा प्रश्न वेगळा आहे. युरोपात दोघांच्या खोलीचे भाडे एकट्याला जवळजवळ तेवढेच पडते, आणि उरलेल्या दिवसांचा खर्च वाढतो तो मुख्यतः यामुळे. जपानमधील बिझनेस हॉटेलांत एकट्यासाठी लहान खोल्या सर्रास मिळतात. इतरत्र दोन रात्री वसतिगृहात आणि तिसरी रात्र स्वतंत्र खोलीत, असा आलटून-पालटून हिशेब बसवता येतो. पैसेही वाचतात आणि माणसांचा सहवास व एकांत दोन्ही मिळतात.

भाड्याची मोटार साथीदाराने घेतली होती. ती मी चालवावी का?

नाही. करारात चालक म्हणून तुमचे नाव नसेल तर अपघातात विमा लागू होणार नाही. मोटार त्याने परत करावी आणि तुम्ही रेल्वेने जावे. तुमच्याजवळ ताडदेव, वडाळा, अंधेरी किंवा बोरिवली आरटीओने दिलेला, एक वर्ष मुदतीचा आंतरराष्ट्रीय परवाना असेल, तर नवा करार तुमच्या नावाने करता येतो. परंतु नकाशा पाहणारा माणूस शेजारी नसताना, रस्त्याच्या उजव्या बाजूने, अनोळखी देशात मोटार चालवणे हे पहिल्याच दिवशी करण्याचे काम नव्हे.

पैशांची व्यवस्था कशी करावी?

आतापर्यंत एकाचे कार्ड अडले तर दुसऱ्याचे चालत होते. तो आधार गेल्यामुळे दोन वेगवेगळ्या बँकांची कार्डे ठेवावीत आणि ती दोन वेगळ्या ठिकाणी ठेवावीत. रिझर्व्ह बँकेच्या २०२० पासूनच्या नियमांनुसार कार्डाचा परदेशातील वापर खातेदाराने स्वतः सुरू करावा लागतो. साथीदारच सगळीकडे पैसे देत होता, त्यामुळे तुमचे कार्ड अजून बंदच आहे, असे पुष्कळांच्या बाबतीत निघते. बँकेचा ओटीपी मुंबईच्या क्रमांकावर येतो, म्हणून ते सिम काढून ठेवू नये. यंत्राने रुपये की स्थानिक चलन असे विचारले तर स्थानिक चलन निवडावे. रुपयांचा पर्याय ओळखीचा वाटतो, पण दर बहुधा महाग लावलेला असतो.

एकट्याने जेवायला बसणे जिवावर येते. काय करावे?

हा प्रश्न वाटतो तितका किरकोळ नाही. मुंबईच्या माणसाला अनोळखी लोकांसमवेत जेवायची सवय असते. दुपारच्या गर्दीत उडप्याच्या हॉटेलात समोरच्या खुर्चीवर कोणी परका येऊन डोसा मागवतो आणि दोघांपैकी कोणालाही काही वाटत नाही. परदेशात मात्र मेजावर आपण एकटेच असतो, मेज चौघांचे असते आणि वाढपी विचारतो, ‘आणखी कोणी येणार आहे का?’

शिवाय काही पदार्थच दोघांचे असतात. स्पेनमध्ये पाएया आणि इतर भाताच्या पदार्थांखाली अनेक ठिकाणी ‘मिनिमो दोस पेर्सोनास’, म्हणजे किमान दोन माणसांसाठी, असे छापलेले असते. दक्षिण कोरियात मेजावर भाजून खायच्या मांसाची मागणी पुष्कळदा किमान दोन जणांची घेतात. तुर्कस्तानातली पसरून मांडलेली न्याहारीही दोघा-चौघांचाच विचार करून रचलेली असते. तिथे एकट्याने जाऊन खट्टू होण्यापेक्षा, एकट्याला सामावून घेणारी खानावळ त्याच गावात शोधावी. जपानमध्ये रामेनच्या, म्हणजे रश्श्यातल्या नूडल्सच्या, दुकानात यंत्रातून चिठ्ठी काढून फळीसमोरच्या उंच बाकावर बसायचे असते. दोन्ही बाजूंना एकटीच माणसे असतात आणि कोणी कोणाशी बोलत नाही. स्पेनमध्ये दुपारचे ‘मेनू देल दिया’, म्हणजे त्या दिवसाचे ठरलेले जेवण, एकट्याला व्यवस्थित मिळते. व्हिएतनाममध्ये फो या नूडल्सच्या रश्श्याचे एक भांडे हे एका माणसाचेच जेवण असते, आणि शाकाहाऱ्यांनी ‘चाय’ (chay, म्हणजे शाकाहारी) असा फलक शोधावा, कारण एरवी भाजीतही माशांचे पाणी पडते.

मुख्य जेवण दुपारी घ्यावे आणि रात्री हलके काहीतरी. दुपारी एकटी जेवणारी माणसे सगळीकडे असतात; रात्री आजूबाजूला जोड्या आणि कुटुंबे बसलेली असतात, तेव्हा चुकल्याचुकल्यासारखे वाटते. सोबत आणलेली मेथीची पुरी आणि शेंगदाण्याची चटणी अशा रात्रीसाठी राखून ठेवावी. खोलीत बसून चटणीपुरी खाल्ली म्हणजे परदेश पाहिला नाही, असे म्हणणाऱ्यांकडे दुर्लक्ष करावे.

दिवस बरा जातो, पण संध्याकाळ खायला उठते.

दिवसा पाहण्याचे काम असते. संध्याकाळी बोलण्याचे काम असते आणि ऐकणारा उरलेला नसतो. म्हणून संध्याकाळी सहा ते नऊ या वेळेला आधीच काहीतरी बांधून ठेवावे: पायी फिरण्याचा माहितीदौरा, स्वयंपाकाचा वर्ग, वसतिगृहातला सामुदायिक स्वयंपाक, एखादी मैफल. रोज हवे असे नाही. एक दिवसाआड पुरते. पहिल्या दोन-तीन संध्याकाळी सर्वांत जड जातात, त्यामुळे त्या रोज नव्या शहरात पोहोचण्यात घालवू नयेत. जिथे निरोप घेतला त्या शहरात मात्र राहू नये, असे मला वाटते. त्याच कोपऱ्यावरची कॉफी एकट्याने प्यायला जाणे म्हणजे जखमेवरची खपली काढणे. पुढच्या गावी जावे आणि तिथे निदान तीन रात्री एकाच जागी राहावे, म्हणजे दुकानदार ओळखू लागतो.

घरच्यांना सांगावे का? आई ताबडतोब परत ये म्हणेल.

सांगावे, आणि साथीदाराचे विमान मुंबईत उतरण्यापूर्वी सांगावे. त्याच्या घरून तुमच्या आईला फोन गेला आणि तिला ही बातमी दुसऱ्यांकडून कळली, तर तुमच्या कोणत्याही खुलाशावर तिचा विश्वास बसणार नाही. सांगताना उरलेल्या दिवसांचा तक्ता, हॉटेलांची नावे आणि परतीच्या विमानाची वेळ एकाच संदेशात पाठवावी. मोघम ‘काळजी करू नकोस’ने काळजी वाढते.

रोजच्या फोनची वेळ घड्याळ पाहून ठरवावी. उन्हाळ्यात लिस्बनमध्ये रात्रीचे नऊ वाजतात तेव्हा मुंबईत मध्यरात्रीनंतरचा दीड झालेला असतो. टोकियोत नऊ वाजतात तेव्हा मुंबईत संध्याकाळचे साडेपाच. लिस्बनहून रात्री फोन करीन असे कबूल करून आईला जागे ठेवण्यापेक्षा तिथल्या दुपारचे जेवण झाल्यावर बोलावे. एखादा फोन चुकला तर किती वेळ थांबायचे आणि मग कोणाला कळवायचे, हेही ठरवून ठेवावे.

मी स्त्री आहे. साथीदार असताना न जाणवलेली कोणती काळजी आता घ्यावी?

नव्या गावी उजेडात पोहोचावे. त्यासाठी महागडी गाडी घ्यावी लागली तरी घ्यावी. गटखोली घ्यायची तर स्त्रियांचीच मागावी. दुबई मेट्रोत स्त्रिया व मुलांसाठी राखीव भाग असतो, क्वालालंपूरच्या केटीएम कोम्युटर गाड्यांना स्त्रियांचे डबे असतात आणि टोकियोत अनेक मार्गांवर कामाच्या दिवशी सकाळच्या गर्दीच्या वेळी स्त्रियांसाठी डबा राखलेला असतो. आयुष्यभर लेडीज डब्यातून गेलेल्या मुंबईच्या बाईला त्याचे मोल सांगायला नको. ‘एकट्याच आलात का?’ या प्रश्नाला खरे उत्तर देण्याचे कोणतेही बंधन नाही; ‘मैत्रीण हॉटेलवर आहे’ हे उत्तर सर्वत्र चालते. हे खोटे बोलणे वाटत असेल तर प्रश्नाचे उत्तरच देऊ नये.

आजारी पडलो किंवा पासपोर्ट हरवला तर?

पहिल्या दिवशीच विमा कंपनीचा मदत क्रमांक आणि तुमची औषधे, ॲलर्जी, रक्तगट कागदावर लिहून पासपोर्टच्या प्रतीबरोबर ठेवावे. आतापर्यंत ही माहिती साथीदाराच्या डोक्यात होती. युरोपीय संघात सर्वत्र ११२ हा आपत्कालीन क्रमांक आहे. जपानमध्ये पोलिसांसाठी ११० आणि रुग्णवाहिकेसाठी ११९, तर थायलंडमध्ये पर्यटक पोलिसांसाठी ११५५. ताप आल्यास हॉटेलच्या स्वागतकक्षात तसे सांगून ठेवावे, म्हणजे दुसऱ्या दिवशी कोणीतरी दार वाजवते.

पासपोर्ट हरवल्यास पोलिसांत तक्रार नोंदवून भारतीय दूतावास गाठावा. तिथून मिळणाऱ्या इमर्जन्सी सर्टिफिकेटवर फक्त भारतात परतता येते. पुढचा देश पाहायचा असेल तर नवा पासपोर्ट आणि पुन्हा व्हिसा लागेल. दूतावासाकडून दाद लागत नसेल तर परराष्ट्र मंत्रालयाचे २०१५ पासून चालू असलेले ‘मदद’ हे पोर्टल आहे.

आम्ही भांडून वेगळे झालो. दोन आठवड्यांनी एकाच विमानाने परतायचे आहे.

तोपर्यंत रोज एक ओळीचा संदेश पुरे: ‘सुखरूप आहे, अमुक गावी आहे.’ वादाचा विषय परदेशातून फोनवर काढू नये आणि दोघांच्या मित्रांच्या समूहात तर मुळीच काढू नये. परतीच्या विमानात शेजारच्या जागा असतील तर ऑनलाइन चेक-इन उघडताच एकाने जागा बदलून घ्यावी. भांडण कोणाचे कितपत खरे होते याचा निवाडा करण्याची जागा दादर किंवा डोंबिवली आहे.

माझे फोटो आता कोण काढणार?

जी माणसे स्वतःचे फोटो काढण्यासाठी दुसऱ्याच्या हातात कॅमेरा देत असतात, त्यांना विचारावे. आधी त्यांचा काढून द्यावा.

काहीही केले तरी मन लागत नाही. परत आलो तर हार मानल्यासारखे होईल का?

मुळीच नाही. मात्र हा निर्णय रात्री, उपाशीपोटी किंवा प्रवासाच्या दिवशी घेऊ नये. कामांची घडी बसल्यानंतर, म्हणजे चार-पाच दिवसांनी, सकाळी न्याहारी झाल्यावर पुन्हा विचार करावा. तेव्हाही घरीच जावेसे वाटत असेल तर तिकीट बदलण्याचा खर्च पाहावा आणि खुशाल परत यावे. विम्यातून भरपाईची अपेक्षा ठेवू नये. प्रवास खंडित झाल्याची भरपाई आजारपण, मृत्यू अशा पॉलिसीत लिहिलेल्या कारणांसाठी मिळते आणि मन न लागणे हे त्यात बसत नाही.

दोघांच्या खर्चाचा हिशेब आणि उरलेले परकीय चलन यांचे काय करावे?

सामाईक हिशेब निरोपाच्या आदल्या रात्रीच मिटवावा, कारण त्यानंतरचा खर्च सगळा तुमचा आहे आणि मुंबईला आल्यावर कोणती कॉफी कोणत्या तारखेची हे कोणालाच आठवत नाही. रद्द केलेल्या आरक्षणाचा परतावा कोणाच्या कार्डावर येणार तेवढे लिहून ठेवावे. साथीदाराने उरलेल्या नोटा तुम्हाला देऊन टाकल्या तर त्या त्याच्या खात्यात धरून रुपयांत चुकत्या कराव्यात. मुंबईत परतल्यावर तुमच्याजवळ २,००० डॉलरपर्यंतच्या परकीय नोटा ठेवता येतात. त्याहून जास्त असलेल्या नोटा परतल्यापासून १८० दिवसांच्या आत बँकेत किंवा अधिकृत चलनविक्रेत्याकडे बदलून घ्याव्या लागतात. नाण्यांना अशी मर्यादा नाही, पण ती कोणी बदलूनही देत नाही, म्हणून परदेशातल्या विमानतळावरच संपवावीत.